झोपेची गोळी सुरू झाल्यापासून सासूबाई रात्री उठून खातात आणि सकाळी काहीच आठवत नाही, कुणाला माहिती आहे का?

सुदामानगरवाली:

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, ओळखीच्यात बोलायची पण चोरी झालीये म्हणून इथे लिहिते, हसू नका प्लीज.

आम्ही इंदूरला, घरात मी, हे, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. आई सत्तरीच्या पुढे आहेत, शुगर बरीच वर्षं आहे पण खाण्यापिण्याचं इतकं कडक की रविवारी पोहे-जलेबी आणली तर जलेबीकडे ढुंकून बघत नाहीत, पोह्यांवर शेवसुद्धा नको म्हणतात, आणि इंदूरच्या माणसाने शेवेशिवाय पोहे खाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सासरे गेल्यावर त्यांची झोप उडाली. रात्र रात्र जाग्या, हॉलमध्ये येरझाऱ्या. मग डॉक्टरांनी झोल्पिडेम १० एमजी लिहून दिली, रात्री एक. झोप लागायला लागली, आम्हीही सुटलो म्हटलं.

आणि मग हळूहळू हे सुरू झालं. आधी शेवेचा डबा. सकाळी बघावं तर झाकण उलटं ठेवलेलं आणि डबा निम्म्यावर. मला वाटलं चिरंजीव रात्री अभ्यास करतात (अभ्यास कसला, मोबाइल), त्यांचंच काम. तो शपथेवर नाही म्हणतो. मग एक दिवस आईंच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला तर त्यावर जीरावणाची (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) चार बोटं उमटलेली, अगदी स्वच्छ, वास पण जीरावणाचाच. नंतर श्रीखंडाचा डबा सापडला, त्यात लोणच्याची फोड. एकदा तर परातीत कोरडं बेसन काढलेलं आणि आईंच्या ओठांच्या कडेला बेसन सुकलेलं. विचारलं तर म्हणतात अगं मी कशाला खाऊ, मला गोळी घेतली की थेट सकाळी जाग येते. आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत हो, वीस वर्षं बघतेय मी.

पण ह्यांना ते पटत नाही. हे एकदा बोलून गेले की आई, खायचं तर समोर बसून खा, चोरून कशाला. त्या दिवशी आई जेवल्याच नाहीत. देवासच्या नणंदेचं म्हणणं बाहेरचं काहीतरी असेल, कुणाला तरी दाखवून घ्या. तिकडे फास्टिंग शुगर आधी १२०-१३० असायची ती आता १९०, कधी २०० च्या वर. शुगरच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, १ ची २ एमजी केली, आता अजून वाढवायचं म्हणतात, आणि पथ्य पाळत नाही म्हणून आईंना बोलतात ते वेगळंच.

परवा मी स्वतः बघितलं. रात्री पाणी प्यायला उठले तर फ्रिज उघडा, त्याच्या उजेडात आई उभ्या, लोण्याचा गोळा हातात घेऊन खातायत. डोळे उघडे. मी आई म्हणून हाक मारली तर म्हणाल्या "हो हो, झालंच" आणि परत खायला लागल्या, माझ्याकडे बघितलं पण बघितलं नाही असं. गॅसवर दुधाचं पातेलं, दूध उतू जाऊन गॅस विझलेला आणि बटण चालूच. माझे पाय लटपटायला लागले. सकाळी त्यांना काहीही आठवत नव्हतं.

हे गोळीमुळे असेल का? बंद करून टाकू का? की मानसिक काही आहे?

भिया_छप्पनवाले:

ताई हसत नाहीये, कारण हे माझ्याच बाबतीत झालंय. माझं काम फिरतीचं, आठवड्यातून दोन रात्री बसमध्ये, झोपेचं सगळं वेळापत्रक बिघडून राहिलं होतं म्हणून डॉक्टरने हीच गोळी दिली होती. एक दिवस बायको विचारते रात्री मॅगी करून कढई तशीच टाकली कुणी. मी म्हटलं तू केली असशील. चांगलं भांडण झालं आमचं. मग हे वारंवार व्हायला लागलं, गोठवलेले मटार तसेच कच्चे, ब्रेडवर टूथपेस्ट सुद्धा एकदा (खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा). शेवटी तिने फ्रिजवर मोबाइल लावून ठेवला. व्हिडिओ बघून माझी तंतरली भिया. बनियन माझं, टक्कल माझं, पण तो माणूस मी नाही. चालणं वेगळं, घाईघाईने खाणं, चव घेतोय असं पण वाटत नव्हतं, नुसतं कोंबणं.

तो व्हिडिओ डॉक्टरला दाखवला आणि त्यांनी लगेच सांगितलं की गोळीचं काम आहे. गोळी बदलली, प्रकार बंद. तुम्ही पण आधी व्हिडिओ काढा, त्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, तुमचे मिस्टर तर नाहीच. आणि दुसरं म्हणजे आज रात्रीपासून झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. पाइपची लाइन असेल तर भिंतीवरचा कॉक. हे उद्यावर टाकू नका. आणि त्या उठल्या तर ओरडून, दंड धरून जागं करू नका, बायकोने मला एकदा धरलं तर मी असा हात झटकला म्हणे की तिचा चश्मा गेला. हळू बोलत बोलत पलंगापर्यंत न्यायचं.

जुनी_इंदूरकर:

माझी आई ही गोळी कितीतरी वर्षं घेतेय, तिला काहीही होत नाही. उगाच गोळीला नावं ठेवू नका, लोक वाचून औषधं बंद करतात आणि मग त्रास होतो. म्हातारपणी जिभेचे चोचले वाढतात हे सत्य आहे, त्यात दिवसभर इतकं कडक पथ्य, मन मारलेलं कुठेतरी बाहेर निघणारच. स्वयंपाकघराला कुलूप लावा, पंधरा दिवसांत सवय जाईल.

मेडिकलवाला:

माझं मेडिकल आहे, रामबागेच्या बाजूला. दुकानाचं नाव नाही लिहीत, जाहिरात वाटेल. मी डॉक्टर नाही पण ही स्ट्रिप रोज हातातून जाते म्हणून लिहितो.

ही शेड्यूल एच-वनची गोळी आहे. म्हणजे २०१४ च्या मार्चपासून नियम असा की पर्चीशिवाय द्यायची नाही, आणि दिली की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. स्ट्रिपवर लाल चौकटीत वॉर्निंग असते ती याचीच. तरी लोक येतात, काका दोन वर्षांपूर्वीची पर्ची आहे, द्या ना. मी देत नाही, मग पुढच्या चौकात जातात.

आता मुद्दा. १० एमजी सत्तरीच्या बाईला? मला तिथेच खटकलं. वयस्कर लोकांना कंपनीच्या स्वतःच्या माहितीपत्रकात ५ सांगितलेली असते. बायकांचं तर अजून वेगळं, त्यांच्या शरीरातून ही गोळी सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना सुद्धा रक्तात उरलेली असते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०१३ मध्ये बायकांचा डोस १० वरून ५ करायला लावला. म्हणजे वय बघा की बाई म्हणून बघा, दोन्हीकडून ५ च येते. डॉक्टरांनी काही विचार करूनच लिहिली असेल, मी पर्चीवर बोलणार नाही, पण तुम्ही विचारू शकता ना.

आणि जुनी_इंदूरकर ताई, तुमच्या आईंना होत नाही ही चांगलीच गोष्ट, बहुतेकांना होत नाही. पण ज्यांना होतं त्यांचं काय. २००७ मध्येच एफडीएने झोपेच्या गोळ्यांच्या लेबलवर लिहायला लावलं होतं की झोपेत गाडी चालवणं, फोन करणं, स्वयंपाक करून खाणं असं होऊ शकतं आणि नंतर आठवत नाही. एप्रिल २०१९ मध्ये तर सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग आली, झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झॅलेप्लॉन या तिन्ही झोपेच्या गोळ्यांवर. त्यांच्याकडे २६ वर्षांतल्या ६६ गंभीर केसेस नोंदलेल्या होत्या, २० जण गेले होते, कुणी पडून, कुणी बुडून, कुणी गाडीत. कमी डोसवर पण झालंय आणि पहिल्याच गोळीनंतर पण. आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की ज्याला एकदा असं झालं त्याला ही गोळी परत द्यायची नाही. ही जिभेच्या चोचल्यांची गोष्ट नाही हो.

गोळीबरोबर दारू घेणारे वेगळेच, दोन पेग आणि वर गोळी, त्यांना तर मी हात जोडतो.

रात्रपाळी_डॉक:

मी मानसोपचारात एमडी करतेय, ड्युटीवर आहे त्यामुळे तुकड्यातुकड्यात लिहीन. आणि इथे बसून कुणाचं निदान करत नाहीये हे आधीच सांगते.

सुदामानगरवाली ताई, तुम्ही लिहिलंय ते पुस्तकातल्या वर्णनाशी फार जुळतं. याला स्लीप-रिलेटेड ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या शेंक आणि महोवाल्ड यांच्या टीमने याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, पेशंटला रात्रभर झोपेच्या लॅबमध्ये मशीन लावून. यात माणूस पूर्ण जागा नसतो, पूर्ण झोपलेलाही नसतो. चालणं, डबा उघडणं, चावणं हे चालू असतं पण आठवण साठवणारा भाग बंद, म्हणून सकाळी पाटी कोरी. त्यामुळे सासूबाई खोटं बोलत नाहीयेत हे तुमच्या मिस्टरांना छातीठोकपणे सांगा. खाण्याचे प्रकार पण असेच विचित्र असतात, श्रीखंडात लोणचं, कोरडं बेसन, गोठवलेलं तसंच. मिठाचं सँडविच आणि लोणी लावलेली सिगरेट अशा नोंदी आहेत. बहुतेकदा गोड, तुपकट, पिठूळ, आणि दिवसा त्या माणसाला नको असलेलं. भूक लागलेली असते असं पण नाही.

झोल्पिडेमशी संबंध २००२ मध्ये मेयो क्लिनिकच्या मॉर्गेंथेलर आणि सिल्बर या डॉक्टरांनी लिहिला. पाच पेशंट होते, गोळी चालू असताना रात्री खायचे आणि आठवायचं नाही, गोळी बंद केल्यावर थांबलं. नंतर अशा पुष्कळ केसेस आल्या. आणि फक्त हीच गोळी नाही, क्वेटियापिन, ओलान्झापिन, लिथियम या मानसिक आजारांच्या औषधांवर पण झाल्याचं लिहिलेलं आहे, म्हणून कुणी सांगितलं की त्याऐवजी क्वेटियापिन घ्या तर तेवढं विचारून घ्या.

त्या पाच जणांमध्ये एक गोष्ट समान होती, पाचही जणांना रेस्टलेस लेग्जचा, म्हणजे पाय स्वस्थ न राहण्याचा, त्रास होता. म्हणून विचारते. आईंना संध्याकाळनंतर पायात काही होतं का? दुखणं नाही, वळवळ, ओढल्यासारखं, मुंग्या चालल्यासारखं, पाय हलवला किंवा चाललं की बरं वाटतं असं? तुम्ही येरझाऱ्या लिहिलंय म्हणून विचारतेय. हिमोग्लोबिन कधी तपासलं होतं? घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? गोळी किती वाजता घेतात आणि घेतल्यावर किती वेळाने आडव्या होतात? सर्दीची किंवा ॲलर्जीची गोळी चालू आहे का?

गोळी बंद करायचं म्हणाल तर, असं एकदा झालं की ती चालू ठेवायची नाही हे बरोबर, वर मेडिकलवाल्या काकांनी लिहिलंय. पण रोज घेणाऱ्याने एका रात्रीत स्वतःच्या मनाने तोडली तर झोप आधीपेक्षा जास्त उडते, जास्त डोसवाल्यांना तर फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून उद्या सकाळीच लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आणि एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती मला जास्त टोचतेय. शुगरची गोळी. रात्री त्या श्रीखंड, लोणी, बेसन खातायत, म्हणून सकाळची शुगर २००, म्हणून ग्लिमेपिराइड वाढवली. उद्या झोपेची गोळी थांबली आणि रात्रीचं खाणं थांबलं तर वाढवलेली ग्लिमेपिराइड पोटात तशीच राहणार आणि पहाटे शुगर धाडकन खाली येणार. सत्तरीत हे धोक्याचं आहे. शुगरच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, डोस पुन्हा वाढवायच्या आधी. झोपताना आणि पहाटे तीनच्या सुमारास असं दोनदा मशीनवर शुगर बघून लिहून ठेवली तर त्यांना लगेच समजेल.

सुदामानगरवाली:

डॉक, तुम्ही पायाचं विचारलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. हो! रोज रात्री पाय चोळून घेतात, मुलगा लहान असताना त्याला पोटऱ्यांवर उभं करायच्या, "जरा तुडव रे" म्हणून. अजूनही कधीतरी मलाच दाबायला लावतात. आम्ही समजायचो की वयामुळे, शुगरमुळे. हिमोग्लोबिन मागच्या वर्षी ९ च्या आसपास होतं, तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. सर्दीची गोळी पण सुरू आहे, धुळीची ॲलर्जी आहे त्यांना. आणि गोळी साडेआठला घेतात, मग मालिका बघतात, साडेदहापर्यंत.

घोरतात बऱ्यापैकी, श्वास अडकतो का ते बघितलं नाही कधी.

रात्रपाळी_डॉक:

साडेआठला गोळी आणि साडेदहापर्यंत मालिका हे पण बंद. ही गोळी पंधरा-तीस मिनिटांत चढते, अंथरुणात शिरतानाच घ्यायची असते आणि पुढे सात-आठ तास झोपायला मोकळे असाल तरच. गोळी चढल्यावर जागं राहिलं की हेच सगळे घोटाळे वाढतात.

पायांचं तुम्ही लिहिलं तसं असेल तर रेस्टलेस लेग्जच्या बाजूने विचार करायला हवा. नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असलं तरी लोह देतात, म्हणजे लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलेलं असलं तरी. आणि सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या या पायांना अजून चाळवतात, तसंच उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड. बरेचदा असं होतं की माणसाला खरा त्रास पायांचा असतो, झोप त्यामुळे लागत नाही, आपण झोप येत नाही एवढंच सांगतो आणि झोपेची गोळी मिळते. मग पाय उठवतात आणि गोळी आठवू देत नाही.

घरात कुणी सहा महिने झोपत नसेल तर शक्य असल्यास न्यूरॉलॉजी किंवा मानसोपचारात झोपेचं बघणाऱ्याकडे जा. घोरतात म्हणताय तर रात्रभराची पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे मशीन लावून झोपेची तपासणी, व्हिडिओसकट, कारण श्वास अडकल्यामुळे पण अशा अर्धवट जागा येतात. खर्च जमत नसेल तर एमवायच्या (इंदूरचं सरकारी हॉस्पिटल) मानसोपचार ओपीडीत सुरुवात करा.

कुलपाबद्दल. मी कुलपाच्या विरुद्ध आहे. अर्धवट झोपेतला माणूस बंद दाराशी झटापट करतो, पडतो, चिडतो, आणि सत्तरीत खुब्याचं हाड म्हणजे किती महाग पडतं ते विचारू नका. गॅस बंद, सुऱ्या-विळी कपाटात, फिनाइल-बेगॉनसारख्या बाटल्या उचलून ठेवा (बेसन आणि बोरिक पावडर अंधारात सारखीच दिसते), वाटेतली पायपुसणी काढा, पॅसेजमध्ये बारीक दिवा आणि त्यांच्या दाराला एखादी घंटी किंवा पैंजण बांधा म्हणजे दार हललं की तुम्हाला जाग येईल. एवढं पुरतं.

विजयनगर_आयटी:

मधेच विचारतो, मी पण रात्री दोनला उठून खातो, पण मला सगळं आठवतं. खाल्ल्याशिवाय परत झोपच येत नाही. गोळी कुठलीच नाही. सकाळी भूक शून्य, पहिला घास दुपारी. हे पण तेच का?

रात्रपाळी_डॉक:

नाही, ते वेगळं. तुम्ही जागे आहात, तुम्हाला आठवतंय, आणि जेवणाचं सगळं वजन रात्रीकडे सरकलंय. त्याला नाइट ईटिंग सिंड्रोम म्हणतात, ते त्याच्या आधीपासून माहिती आहे, १९५५ मध्ये स्टंकार्ड यांनी लिहिलं. त्याचे उपाय वेगळे, त्यात मूडचा भाग पण बघावा लागतो. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

भिया_छप्पनवाले:

@विजयनगर_आयटी भिया तुझं तर सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाणं कमी केलं की निम्मं बरं होईल 😄 रात्री बाराला गराडू आणि भुट्ट्याचा कीस हाणल्यावर पोटाला पण तीच वेळ लक्षात राहते.

जुनी_इंदूरकर:

ठीक आहे, वाचलं सगळं. कुलपाचं मागे घेते. पण मग झोपेचं काय करायचं त्या बाईंनी? गोळी काढली, पाय चोळले, तरी नवरा गेलेल्या बाईला रात्री झोप लागत नाही हा प्रश्न तसाच राहतो ना. तिथे कुठलं फेरिटिन कामाला येणार.

रात्रपाळी_डॉक:

ताई, एकदम बरोबर बोललात. तो भाग गोळीने कधीच सुटणार नव्हता. जुन्या निद्रानाशासाठी आता पहिला उपाय म्हणून गोळी सांगतच नाहीत, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं की आधी सीबीटी-आय. म्हणजे बोलून आणि सवयी बदलून करायचा उपचार. उठायची वेळ रोज एकच, अंथरुणात जागं लोळत राहायचं नाही, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं, दुपारची दीड तासाची झोप बंद. ऐकायला किरकोळ वाटतं, पहिले काही दिवस माणूस शिव्या देतो, पण टिकतं. आणि दुःखाचं म्हणाल तर कुणीतरी त्यांच्याशी सासऱ्यांबद्दल बोललं पाहिजे, घरात सगळे तो विषय टाळत असतील तर ते आधी थांबवा.

सुदामानगरवाली:

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. काहींनी निरोपातून विचारलं म्हणून.

त्याच आठवड्यात व्हिडिओ मिळाला. मुलाने जुना फोन मसाल्याच्या डब्यामागे लावला होता. ह्यांना दाखवला, हे दोनदा बघून म्हणाले डॉक्टरांची वेळ घे, मी सुट्टी टाकतो. आईंना दाखवायचा की नाही यावर आमच्यात जुंपली, हे नको म्हणत होते, मी म्हटलं त्यांचंच शरीर आहे, त्यांना कळायला नको? दाखवला. आईंनी चश्मा लावून शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "अगं गाऊनची गुंडी तरी लावायची." मग नणंदेला त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं की बाहेरचं वगैरे काही नाही, गोळीचं आहे, तू येऊ नको कुणाला घेऊन.

डॉक्टरांनी व्हिडिओ बघून गोळी टप्प्याने कमी करून बंद केली. मधले दिवस वाईट गेले, आई रात्री तीन-तीनपर्यंत जाग्या, मी पण. पण पूर्ण बंद झाल्यावर डब्यांना हात नाही लागला. फेरिटिन १४ आलं. लोह सुरू केलंय, एक दिवसाआड, रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या मागेपुढे चहा नाही, यावरून रोज सकाळी वाद होतो कारण आईंना उठल्याउठल्या चहा लागतो. ॲलर्जीची गोळी बदलून झोप न आणणारी दिली. पायांची वळवळ कमी झालीये, गेली नाहीये, डॉक्टर म्हणाले लोह भरायला काही महिने लागतात.

शुगरचं डॉकनी लिहिलं होतं ते शब्दशः झालं असतं. शुगरच्या डॉक्टरांना वही दाखवली, झोपताना १४० आणि पहाटे तीनला २३० असे आकडे बघून ते गप्पच झाले, लगेच ग्लिमेपिराइड परत १ वर आणली. तरी एका पहाटे ७२ आली, मग ती पण अर्धी केली. आता फास्टिंग १२५ च्या आसपास.

झोपेच्या अभ्यासाची तारीख मिळायची आहे, घोरण्यासाठी. झोप अजून चार-साडेचार तासच लागते. संध्याकाळी ह्यांच्याबरोबर अन्नपूर्णेच्या मंदिरापर्यंत चालून येतात, येताना सासऱ्यांच्या गोष्टी सांगतात, हे नुसते हं हं करतात पण ऐकतात.

जीरावणाची बाटली मात्र मी अजून वरच्या फळीवर ठेवते.

माहेर_बडोदा:

आत्ताच हा धागा वाचला. माझ्या मोठ्या भावाला एस्झोपिक्लोन चालू आहे, झोल्पिडेम नाही. वहिनी म्हणत होती की फरसाणाचे पुडे रात्रीत संपतात आणि तो नाही म्हणतो. नाव वेगळं आहे म्हणजे काळजी नाही ना?

मेडिकलवाला:

नाव वेगळं पण घराणं तेच, २०१९ ची चौकट तिच्यावर पण आहे. वहिनींना सांगा आज रात्रीच मोबाइल लावा, रेग्युलेटर बंद करा, आणि भाऊ रात्री एखाददुसरा पेग घेत असेल तर ते पण डॉक्टरांना खरं सांगायचं, लपवायचं नाही. पायांचं पण विचारून घ्या त्यांना.